सोडलेल्या दोन ओळी

१९ जाने., सोम.
मॉक ३. १२० पैकी ६१. लीगल बरं, जीकेची वाट. रोहिणी बोलली, साठच्या वर गेलीस, आता माणसात आलीस. ती एमपीएससी तिसऱ्यांदा देतेय, तिला बोलायचा हक्क आहे. विहाराच्या अभ्यासिकेत ती पंख्याखाली बसते, मी तिच्या मागे, भिंतीकडे तोंड करून. लॉ सीईटीवाली तिथे मी एकटीच.

मग कामावर, नोटरी सरांच्या टेबलावर. कोर्टाबाहेर आज सामसूम, टायपिंगला दोनच अ‍ॅफिडेविट. दुपारी सरांनी नोटरीचं मागच्या वर्षीचं रजिस्टर काढायला लावलं. २४ फेब्रुवारीचं पान. खाली दोन ओळी रिकाम्या. रोजच्याच पानावर असतात. रोज संध्याकाळी सर सांगतात, दोन ओळी सोड, पानाला श्वास घेऊ दे. मला वाटायचं वहीला समास सोडतात तसं काहीतरी असेल.

आज त्यातली एक भरली. सर सांगत गेले, मी लिहीत गेले. मृत्युपत्र, कमलबाई, रा. मुलुंड पूर्व, वेळ स. ११.१५. मग मृत्युपत्राचा कागद पुढे केला. साक्षीदार १ मध्ये दत्ताकाकांची सही आधीच होती. २ मध्ये मी केली. पेन सरांनी त्यांच्याकडचं दिलं, जुनं, गुठळ्या सोडणारं.

दिवसाला पाच-सहा सह्या होतात माझ्या. लोक साक्षीदार घेऊन येतच नाहीत. स्टॅम्प मारणारे दत्ताकाका बोलतात, आपण दोघं म्हणजे अख्ख्या मुलुंडचे साक्षीदार.

कागद न्यायला एक माणूस थांबलेला. पांढरा शर्ट, गाडीची चावी बोटात फिरवत. बाईचा पुतण्या. बाईच्या नावापुढे अंगठा होता. बाई नव्हती. मी विचारलं नाही. मी विचारत नाहीच.

२१ जाने., बुध.
सीईटीचा फॉर्म भरला, रोहिणीच्या फोनवरून. "बारावी कुठल्या कॉलेजातून" तिथे अडले. कॉलेज नाही, शाळा पण नाही. नववीत लॉकडाउनला शाळा फोनमध्ये गेली आणि फोन आईबरोबर नर्सिंग होममध्ये कामाला जायचा. शाळा परत उघडली तेव्हा पहिल्या दिवशी नाही गेले, म्हणून दुसऱ्या दिवशी जाता आलं नाही. असं करत राहिलंच. दहावी, बारावी दोन्ही सतरा नंबर फॉर्म भरून बाहेरून. रो.ने बरोबर पर्याय शोधला. बोलली, तुझ्यासारखे खूप आहेत गं येडे, त्यांच्यासाठी खास डबा ठेवलाय.

सही अपलोड करायची होती. कोऱ्या कागदावर काळ्या पेनाने. शीतल, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. पाचवीत ठरवलेली. रो. बोलली, टिंबं कशाला? मी बोलले, अशीच.

३ फेब्रु., मंगळ.
लीगलच्या सराव संचात प्रश्न ३८. अ ने मृत्युपत्र केलं. ब ने अ ला सही करताना पाहिलं नाही, नंतर कागद आणून दिला तेव्हा साक्षीदार म्हणून सही केली. मृत्युपत्र टिकेल का?

'नाही' ला टिक केली. बरोबर. रो.ला विचारलं का नाही टिकणार. ती बोलली, साक्षीदार म्हणजे शोभेचा नाय ना. दोघं पाहिजेत आणि दोघांनी बघितलेलं पाहिजे. नाहीतर मेलेल्या माणसाच्या नावावर कोणी पण काय पण लिहील.

एक मार्क मिळाला. 

४ फेब्रु., बुध.
आईच्या कपाटातली माझी कागदांची प्लास्टिकची फाइल काढली. मार्कलिस्टच्या मागे बारावीचं हॉलतिकीट. २४ फेब्रु., राज्यशास्त्र, ११ ते २. समोर सुपरवायझरची सही.

११.१५ ला मी भांडुपच्या सेंटरवर होते. तिसरा बाक. बाहेर कोणीतरी पत्रे कापत होतं म्हणून बाईंनी खिडकी लावून घेतलेली. आणि रजिस्टरमध्ये ११.१५ ला मी टेबलावर आहे, माझ्याच अक्षरात.

६ फेब्रु., शुक्र.
सरांना सांगितलं. दोन दिवस वाक्य पाठ करत होते. सरांची चूक झाली असेल, तारीख बदलतील, असं वाटलेलं. जेवणानंतर ते एकटे होते तेव्हा मी बोलले, सर, त्या चोवीस तारखेला माझा पेपर होता.

सर बराच वेळ दात कोरत राहिले. मग बोलले, पोरी, वर्षापूर्वी कुठल्या दिवशी कोण कुठे होतं ते देवाला पण आठवत नाही. मी बोलले, हॉलतिकिटावर आहे.

"अजून कोणाला सांगितलंस?"

मी मान हलवली, नाही.

"आणि ते हॉलतिकीट, आहे का अजून?"

माहीत नाही, मी बोलले. सरांशी पहिल्यांदा खोटं बोलले.

संध्याकाळी त्यांनी दोन ओळी सोडायला सांगितलं नाही. सवयीने मीच सोडल्या. त्यांनी पान बघितलं आणि माझ्याकडे बघून हसले. सांगायला नको होतं.

१२ फेब्रु., गुरु.
मॉक ५. ६८. कशात लक्ष नाही तरी वाढले.

सर आजकाल गोड. माझ्यासाठी कटिंग चहा वेगळा, बिनसाखरेचा. टेबलावर लीगलचं पुस्तक होतं ते उचलून चाळलं, हात त्याच्यावरच ठेवून बसले. बोलले, वकिलाला बोलावं लागतं बेटा, तुझं कसं व्हायचं? मग बोलले, तू बोलत नाहीस म्हणूनच तर तुला ठेवली.

२३ फेब्रु., सोम.
सर आत कोर्टात गेलेले. दत्ताकाकांना विचारलं, कमलबाई आलेली का हो इथे?

काकांनी स्टॅम्पपॅडवर शाई ओतली, बोटाने पसरवली. बोलले, ती बाई दिवाळीतच गेली. मी बोलले, मग अंगठा? ते बोलले, अंगठ्याला तोंड असतं का, नाव सांगायला. आणि हसले. नेहमीसारखं नाही.

नंतर सुतळी गुंडाळताना आपणच बोलले, अठरा वर्षं सह्या करतोय गं. पहिलं पहिलं माणसाचं तोंड बघायचो, मग नुसता कागद, आता कागद पण बघत नाही. तू पोर आहेस, तू वेळेत सूट इथून. कसं सुटायचं ते नाही सांगितलं.

१० मार्च, मंगळ.
एक बाई आली. पन्नाशीची असेल, चष्म्याला दोरी, हातात झेरॉक्स. सर नव्हते. विचारलं, शीतल कोण. दत्ताकाका उठले आणि पाणी आणायला गेले ते आलेच नाहीत.

वंदनाताई. कमलबाईची मुलगी. आईबरोबर त्याच घरात राहायची, सहा वर्षं आई अंथरुणाला होती. आता पुतण्याने मृत्युपत्र सोसायटीत दिलं, घर त्याच्या नावावर आणि हिला महिन्यात खाली करायला सांगितलंय. हे सगळं ती उभ्यानेच बोलली, स्टूल दिलं तरी बसली नाही. मग झेरॉक्स पुढे केली. माझी टिंबं.

"तू माझ्या आईला बघितलं होतंस का?"

मी स्टेपलरकडे बघत होते.

"माझी आई सातवी शिकलेली होती. अंगठा कधी नाही केला तिने. हॉस्पिटलात हात थरथरत होता तरी सहीच केली."

 ती रागावली असती तर बरं झालं असतं. झेरॉक्सच्या कोपऱ्यात नंबर लिहिला, कोपरा फाडून माझ्या पुस्तकात ठेवला. बोलली, मी रोज नाही येणार विचारायला.

जाताना ताडपत्रीची दोरी तिच्या पायात आली, तिने ती नीट बाजूला करून ठेवली.

११ मार्च, बुध.
सरांना कळलं कोणीतरी आलेलं. कोणी सांगितलं माहीत नाही. मला फक्त एवढंच बोलले, रजिस्टरमधलं अक्षर कोणाचं आहे गं? मी बोलले, माझं. हां, सर बोलले. लक्षात असू दे.

१६ मार्च, सोम.
नवीन सही करून बघतेय. नुसतं एस आणि पुढे लाट. अभ्यासिकेत कच्च्या वहीची चार पानं भरली. नवीन सही आली की जुनी माझी नाही असं होईल, असं डोक्यात होतं. रो.ने बघितलं. बोलली, ए हिरॉइन, फॉर्मवर जुनी गेलीय, हॉलतिकिटावर तीच छापून येणार, परीक्षेत तीच करावी लागणार. नाहीतर बाहेर काढतील.

पानं फाडली. तुकडे कचऱ्यात नाही टाकले, दप्तरात घेऊन आले.

२६ मार्च, गुरु.
दत्ताकाका चार दिवस आले नाहीत. फोन बंद. सर बोलले, गावी गेलाय, कोकणात. त्यांचं स्टूल रिकामं. स्टॅम्पपॅड सुकलं, मीच शाई घातली. हात निळे, साबणाने जात नाहीत.

मॉक ८. ७४.

१ एप्रिल, बुध.
दत्ताकाकांची बायको आली टेबलावर. आधी कधी बघितलं नव्हतं. पदर घट्ट धरून उभी. सरांना बोलली, साहेब, ते गावाक नाय पोचले. मी सासूक फोन केलंय. सर बोलले, येईल हो, गेला असेल कुठे देवाला. ती बोलली, चप्पल घरातच आसा.

सर बोलले, मग नवीन घेतली असेल. बाजूचा स्टॅम्पवाला हसला. ती नाही हसली, माझ्याकडे बघत राहिली, जसं काय मला माहीत आहे. मी कीबोर्डकडे बघितलं. अ‍ॅफिडेविटमध्ये एकच ओळ तीनदा टाइप झालेली.

तिला पोलिसात जा सांगायला पाहिजे होतं. ती बसस्टॉपला दिसेपर्यंत विचार करत होते. मग बस आली.

१४ एप्रिल, मंगळ.
जयंती. अभ्यासिका बंद, खाली डीजे. पांढरी साडी नेसून आईबरोबर विहारात. आईने सगळ्या बायकांना सांगितलं, आमची शीतल वकिलीची परीक्षा देतेय. बायका माझ्या गालावरून हात फिरवत होत्या. एक आजी बोलली, आपल्या माणसाची बाजू मांड गं बाई.

गर्दीत तो दिसला, पांढरा शर्ट. लोकांकडून खीर घेत होता. आपल्यातला नाही तो. मला बघून वाटी वर केली, चिअर्स करतात तशी. आई बोलली, कोण गं? मी बोलले, कोर्टातले.

विहार चाळीला लागूनच. आता त्याला आमचं घर माहीत आहे.

२० एप्रिल, सोम.
रो.ला सांगितलं. तोंडाने नाही आलं. कच्च्या वहीत लिहिलं दीड पान आणि तिच्या टेबलावर सरकवलं. तिने वाचलं, मागे वळली नाही. मला वाटलं आता जोक मारेल. पंखा बंद केला आणि माझ्या बाजूला येऊन बसली. हळू बोलली, "हे हॉलतिकीट घरात ठेवू नकोस."

मग बोलली, त्या वंदनाताईला फोन लाव. लावला. दोन रिंग झाल्या. तिकडून हॅलो आलं, बाजूला कुकरची शिट्टी होती. कट केला. रो. उठून पंखा परत लावायला गेली. बोलली असती तर चाललं असतं.

हॉलतिकीट या वहीच्या प्लास्टिक कव्हरमध्ये घातलं, मागच्या बाजूला. नंबरचा कोपरा पण तिथेच. वही कायम दप्तरात.

२८ एप्रिल, मंगळ.
हवालदार टेबलावर आला, कागद घेऊन. वंदनाताईने तक्रार केली. साक्षीदार म्हणून माझा जबाब. १२ मे, मंगळवार, स. ११ वा. खाली माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. कागद मिळाल्याची सही घेतली. टिंबं देताना पेन अडकलं.

रो. बोलली, बाईमाणसाला साक्षीसाठी पोलीस ठाण्यात बोलवता येत नाही, त्यांनी घरी यायचं असतं, तुझ्याच पुस्तकात आहे. आहे. पान १४२. ते मी सरांना सांगितलं. सर बोलले, वा, शिकलीस की. पण बेटा, चाळीत पोलीस आले तर आईला काय वाटेल? आपणच जाऊ. मी असेन ना बरोबर.

मग बोलले, दत्ता तर नाही. आता तू एकटीच.

३० एप्रिल, गुरु.
सर रोज तयारी घेतायत. सहा वाजता ताडपत्री खाली सोडतात आणि समोरच्या खुर्चीत बसतात, पोलीस होऊन.

त्या दिवशी तू कामावर होतीस? हो. पेपर होता ना? पेपर देऊन तीन वाजता आले. मग वेळ सव्वाअकरा कशी? माझ्याकडून चुकून लिहिली गेली. बाईंनी अंगठा तुझ्यासमोर केला? हो. मी पाहिलं.

सर बोलले, मोठ्याने. परत. अजून मोठ्याने. मान वर. बाजूच्या टेबलापर्यंत गेलं पाहिजे.

आज गेलं. बाजूचा स्टॅम्पवाला वळून बघायला लागला. माझा आवाज एवढा लांब कधीच गेला नव्हता, शाळेत हजेरीला पण नाही. सर टाळ्या वाजवत बोलले, बघ, झालीस की नाही वकील.

घरी येताना वाईट याचं वाटलं की मला बरं वाटलेलं.

२ मे, शनि.
वेळ चुकून लिहिली गेली. म्हणजे चूक माझी. अक्षर माझं. सही माझी. सर कुठेच नाहीत त्यात. आज नोट्स काढताना लक्षात आलं. शिक्का आहे त्यांचा, पण शिक्का मारायचे दत्ताकाका.

५ मे, मंगळ.
सीईटीचं हॉलतिकीट आलं. सेंटर गोरेगाव पूर्व, रिपोर्टिंग साडेआठ. प्रिंट सरांच्याच प्रिंटरवर काढली, सायबरवाल्याचा बंद होता. सरांनी प्रिंटरमधून निघालं ते आधी स्वतः वाचलं. सगळं. फोटो बघितला, सही बघितली. बोलले, ऑल द बेस्ट. शुक्रवारी सुट्टी घे, पूर्ण दिवस.

मागितली नव्हती मी.

विचारलं, अ‍ॅडमिशनला काय काय ओरिजिनल लागतं गं? मी सांगितलं. मार्कलिस्ट दोन्ही, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. सर बोलले, सगळं एकाच फाइलमध्ये ठेवतेस ना? मी हो बोलले. शहाणी, सर बोलले.

७ मे, गुरु.
मॉक नाही. रो. बोलली, आज काही वाचू नकोस, जेव आणि झोप. उद्या गोरेगावची बस साडेसहाला आहे, लिंक रोडने. दोन पेनं, आधार, हॉलतिकीट. आईने नर्सिंग होममध्ये दुपारपाळी मागून घेतली, सकाळी मला डबा करून द्यायला.

चाळीच्या तोंडाशी पांढरी गाडी. दुसऱ्या कोणाची पण असेल.

८ मे, शुक्र. सकाळ, बसमध्ये
अक्षर हलतंय. गाडी नव्हती सकाळी. आरेच्या बाजूने झाडं. आईने दही-साखर दिली, स्वतःच जास्त घाबरलेली. जीके आठवत बसले तर सरांचेच प्रश्न आठवतात. त्या दिवशी तू कामावर होतीस?

८ मे, संध्याकाळ
सगळं क्रमाने लिहिते.

सेंटरवर बाई होत्या सुपरवायझर, बॉबकट. हजेरीचा कागद फिरत आला. नावासमोर छापलेली सही, बाजूला रिकामा चौकोन. पेन टेकवलं आणि हात थांबला. एस आणि लाट, असं मनात आलं. बाई बोलल्या, छापलीय तशीच कर गं, घाई नाही. केली. शीतल, रेघ, दोन टिंबं. बाईंनी मी करताना बघितलं, मग त्यांची केली. मला कळलं की असंच असतं. एक माणूस करतो, दुसरा बघतो, मग तो करतो.

पेपर चांगला गेला. खरंच. लीगल पाऊण तासात झालं. नव्वदच्या आसपास येतील असं वाटतंय, मोजणार नाही.

बाहेर आले तेव्हा गेटवर बघितलं. पांढरा शर्ट कुठेच नाही. रस्त्यापलीकडे पण नाही. इतकं बरं वाटलं की काकडी घेतली आणि बसस्टॉपवरच उभ्याने खाल्ली. बसमध्ये ठरवलं, वंदनाताईला फोन लावायचा आणि हॅलो आलं की कट नाही करायचा.

घरी कुलूप पाहिजे होतं. दार उघडं होतं. आई पाळीला गेलीच नव्हती, खुश होती. पेपर कसा गेला विचारलं, उत्तर ऐकलं पण नाही. बोलली, तुझे सर किती चांगले गं. मी विचारलं, का? बोलली, त्यांनी माणूस पाठवलेला दहा वाजता, गाडी घेऊन. पांढऱ्या शर्टातला, जयंतीला दिसलेला तोच. बोलला, शीतलच्या अ‍ॅडमिशनची तयारी सर आत्ताच करून ठेवतायत, ओरिजिनल कागद लागतात. तुझं सगळं माहीत होतं त्याला. सेंटर कुठलं, कितीचा पेपर, कागद सगळे एकाच फाइलमध्ये असतात ते पण.

मी बोलले, दिलीस?

"अख्खी फाइल दिली. चहा पण घेतला नाही बिचाऱ्याने."

 तिने माझ्यासाठी शिरा केलेला. खाल्ला.

पाचला सरांचा मेसेज. "तुझे कागद माझ्याकडे सुरक्षित आहेत. मंगळवारी जबाब झाला की घेऊन जा." पाच मिनिटांनी अजून एक. "फाइलमध्ये एक कागद कमी आहे बेटा. शोधून ठेव. सोबत आण."

रो.ला फोन केला. ती बोलली, आत्ताच्या आत्ता त्या हॉलतिकिटाचे चार फोटो काढ आणि मला पाठव. पाठवले. मग ती बोलली, फोटो माझ्याकडे आहेत पण तुझे ओरिजिनल त्याच्याकडे आहेत, आता तू बोल काय करायचं. मी बोलले, सांगते. ती बोलली, नाही, मला नको सांगू.

मार्कलिस्ट दोन, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. त्याच्याशिवाय नव्वद आले काय आणि शंभर आले काय. दुसऱ्या प्रती निघतात, पुस्तकात आहे, पण त्याला किती महिने ते पुस्तकात नाही. अ‍ॅडमिशन तोपर्यंत थांबत नाही.

हॉलतिकीट इथेच आहे, कव्हरमध्ये. आत्ता हात लावून बघितलं. राज्यशास्त्राच्या समोर ती सही. कोणाची काय माहीत, नाव पण वाचता येत नाही. पण त्या बाईंनी मला बघितलेलं.

नंबरचा कोपरा फोनच्या बाजूला ठेवलाय. नोटीस परत वाचली. मंगळवार, अकरा.

मग दाराकडे तोंड करून बोलून बघितलं, सरांनी शिकवलं तसं, मान वर करून. त्या दिवशी अकरा वाजता मी भांडुपला होते.

आईने आतून विचारलं, कोणाशी बोलतेस गं?

कोणाशी नाही, बोलले. आणि परत एकदा म्हटलं, बाजूच्या टेबलापर्यंत जाईल एवढ्या आवाजात.